पत्र्याच्या कपाटांची दारं

सोमवार, ६ जानेवारी

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ही वही. "ज्याची भीती वाटते ते लिहून काढा आणि सकाळी वाचा. तुमचं तुम्हालाच हसू येईल," म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टर, मग एका वहीनं भागायचं नाही. तेही हसले. माझ्या भीतीला सगळे हसतातच. गॅस बंद केला का, लेक शाळेतून अजून का आली नाही, जिन्यात पावलं कोणाची वाजतात. घरात मला 'घाबरगुंडी' म्हणतात आणि मी ओ देते.

आजची भीती कपाटांची. स्वयंपाकघरातली पत्र्याची कपाटं काढायची ठरली आहेत. तीन वर भिंतीला, दोन खाली ओट्याशेजारी. सासूबाईंनी हौसेनं करून घेतली आणि हात चालत होते तोवर स्वतःच रंगवली. हिरव्यावर पिवळा, पिवळ्यावर पुन्हा हिरवा. आता कोपरे गंजलेत, परवा माझ्या बोटाला पत्रा लागून रक्त आलं. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं, आता काढायला हरकत नाही, असं यांचं म्हणणं. 'हे' म्हणजे माझा नवरा. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासतात, त्यामुळे आपल्याला सगळं स्वच्छ दिसतं असा यांचा समज आहे.

काढायचं ठरलं, पण काढून करायचं काय? नणंदेला फोन केला तर म्हणाली, "आईची आठवण आहे, विकू नका हं." मी म्हटलं, "मग तुम्हीच न्या ना." तर, "अगं, माझ्याकडे कुठे जागा!" वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "घासून रंग दे, पुन्हा नव्यासारखी होतील." हे म्हणाले भंगारात द्या. शेवटी खालच्या सायकलवाल्यानं प्रश्न सोडवला. आमच्या बरोबर खाली त्याचं दुकान. "वहिनी, मला द्या. दुकान मोठं करतोय, सुटे भाग ठेवायला कपाटं लागणारच आहेत. माझीच माणसं येऊन काढतील." माणूस गोड बोलतो. त्यालाच द्यायची ठरली.

भीती एवढीच की सासूबाईंची कपाटं सायकलच्या दुकानात जाणार, तिथे त्यात ग्रीसचे डबे राहणार, आणि हे त्यांना आवडायचं नाही. लिहिताना खरंच हसू आलं. म्हणजे औषध लागू पडतंय.

बुधवार, ८ जानेवारी

हसू मावळलं.

सकाळी उठून स्वयंपाकघरात गेले तर वरचं उजवीकडचं कपाट उघडं. ही दारं आपोआप उघडणारी नाहीत. खटक्याची आहेत, दाबली की टक्कन बसतात. सासूबाईंचा त्या आवाजावर जीव. बाहेर खुर्चीत बसून ओळखायच्या, "मधलं नीट लागलं नाही गं." टक्क ऐकू येईपर्यंत त्यांना चैन नसे आणि मला सुटका नसे. इतक्या वर्षांची सवय, दार न लावता मी झोपणं शक्यच नाही.

लेकीला विचारलं, तिनं उघडलं नव्हतं. यांनीही नाही. लेक दात घासता घासता म्हणाली, "आजी येऊन गेली असेल." तेराव्या वर्षी माणसाला कशाचंच काही वाटत नाही. मी मात्र दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा जाऊन दार लागलंय का ते बघत राहिले.

यांनी बिजागरीत तेल सोडलं. "पत्रा आहे, थंडीत आखडतो," म्हणाले.

शनिवार, ११ जानेवारी

काल मधलंही उघडं सापडलं. आज तर ते लागेचना. दाबलं की खालचा कोपरा चौकटीला अडतो आणि वरच्या बाजूला बोटभर फट राहते. यांनी कानस आणून कोपरा घासला. तासभर करकर करकर. लागलं एकदाचं. हे विजयी मुद्रेनं चहा प्यायले. संध्याकाळी पुन्हा अडलं.

खाली सायकलवाल्याचं काम जोरात आहे. दुपारभर धाडधाड चालू असतं, माझ्या शिलाई मशीनवरच्या टाचण्यांची डबी थरथरते. जिन्यात भेटला तेव्हा केसांवर विटांची लाल भुकटी. दुकानाच्या मधोमध जाड प्लास्टिकचा पडदा लावलाय, त्यामुळे आत काय चाललंय ते दिसत नाही. "फळ्या ठोकतोय वहिनी. त्रास झाला तर हक्कानं सांगा." मी म्हटलं त्रास कसला. शेजारधर्म आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

आज मला माझीच भीती वाटली.

स्वयंपाकघराच्या खिडकीला नवा पडदा शिवला. पंचवीस वर्षं लोकांचे कपडे शिवते, पडदा म्हणजे माझ्या हातचा मळ. मापं घेतली, कापला, खाली दुमड घातली, टीप मारली, लावला. लांब उभी राहून पाहिलं तर वाकडा. एका बाजूला खिडकीच्या कट्ट्याला टेकतोय, दुसऱ्या बाजूला दोन बोटं वर. काढला. टेबलावर पसरून मोजला, दोन्ही बाजू सारख्या. पुन्हा लावला, पुन्हा वाकडा. शेवटी दुमड उसवली आणि डोळ्यांना सरळ दिसेल तशी तिरपी घातली. आता टेबलावर वाकडा आणि खिडकीला सरळ. असलं काम मी उमेदवारीत असतानाही केलं नव्हतं.

डोळे गेले की काय म्हणून तडक यांच्या दुकानात. यांनी खुर्चीत बसवून अक्षरं वाचायला लावली, भिंगं बदलली. नंबर गेल्या वर्षीचाच. "डोळे ठणठणीत आहेत. बिघाड जरा वरच्या मजल्यावर आहे," असं म्हणून कपाळावर टिचकी मारली. दुकानातली पोरं हसली, मीही हसले.

पण घरी येताना रस्ताभर हिशेब मांडत आले. डोळे बरोबर, टेप बरोबर, हात बरोबर, आणि तरी वाकडं. मग उरतं काय? माझ्या डोक्यात एकच उत्तर येतं आणि ते मला इथे लिहायचंसुद्धा नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

लिहिते. सासूबाई आहेत. घरात आहेत.

दुपारी एकटीच होते. खाली धाडधाड चालू. मी ब्लाउजला हुक लावत होते आणि आत एकापाठोपाठ एक, टक्, टक्, टक्. जाऊन पाहते तर वरची तिन्ही दारं सताड उघडी, आणि मधल्यातला स्टीलचा डबा माझ्या डोळ्यांदेखत पुढे सरकला आणि ओट्यावर पडला. मी ओरडलेसुद्धा नाही.

मग फोटोसमोर जाऊन उभी राहिले आणि मोठ्यानं बोलले. म्हटलं, तुम्हाला कपाटं जायला नको आहेत ना? नाही देत. ग्रीसचे डबे नाही ठेवू देत. आता पुरे करा, माझ्याच्यानं सोसवत नाही. जिवंतपणी त्यांच्याशी इतकं सरळ मी कधी बोलले नव्हते.

लगेच खाली गेले. सायकलवाल्याला म्हटलं, माफ करा, कपाटं द्यायची नाहीत, घरच्यांची इच्छा नाही. मला वाटलं तोंड वाकडं करेल. तर त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "बरं झालं वहिनी. राहू द्या भिंतीवर. हलवूच नका. आत्ता तर अजिबात हलवू नका," म्हणाला. वर आणि विचारलं, "कपाटांच्या मागे ओल वगैरे नाही ना?" मी म्हटलं, मागे कोण बघतंय. तर म्हणाला, "हो ना, कशाला बघायचं." असा समजूतदार शेजारी मिळायला भाग्य लागतं.

रविवार, १९ जानेवारी

काल आणि आज एकही दार उघडलं नाही! सासूबाईंनी ऐकलं. खाली कामही बंद आहे, गवंडी सुट्टीवर गेलेत म्हणे, त्यामुळे घर कसं शांत आहे. दुपारी छान झोप लागली.

यांना काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर डॉक्टरांकडे नेतील आणि गोळ्या वाढतील.

मंगळवार, २१ जानेवारी

काम पुन्हा सुरू झालं आणि दारंही. आता काय चुकलं, सासूबाई? कपाटं जागच्या जागी आहेत. डबे त्यांच्या क्रमानं लावले, त्या लावायच्या तसे, मोठा डावीकडे.

संध्याकाळी वरच्या काकू काठी टेकत आल्या. एकट्याच राहतात, शाळेत गणित शिकवायच्या, आता गुडघे साथ देत नाहीत. म्हणाल्या, "अगं, माझं बाहेरचं दार अडतंय. आज खांदा लावून उघडलं तेव्हा खाली आले. एक दिवस आतच अडकून राहीन." काकूंना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला घाबरणाऱ्या माणसाची लगेच दया येते, रोजची ओळख आहे ना. म्हटलं, "लाकूड फुगलं असेल हो. नाहीतर आमच्या सासूबाई तुमच्याकडे चहाला येत असतील." आणि हसले. काकू म्हणाल्या, "ती? गच्चीतल्या दोरीवरून आमचं सात वर्षं बोलणं बंद होतं. ती कशाला येते!" मग त्याही हसल्या. जाताना त्यांची भीती पुष्कळ कमी झालेली दिसली, मलाही बरं वाटलं.

हे रविवारी रंधा घेऊन जाऊन त्यांचं दार तासून देणार आहेत.

गुरुवार, २३ जानेवारी

संध्याकाळी भांडण झालं. मोठं.

सात वाजता सगळे घरात होतो. कपाटांच्या मागून आवाज आला. या वेळी टक्क नाही. जाड कापड हातानं टरकावलं की येतो तसा, लांबलचक. ओट्यावर पांढरी पूड पडली. म्हटलं, मला इथे राहायचं नाही, आत्ताच्या आत्ता ताईंकडे जाऊ. ताई म्हणजे नणंद.

हे भडकले. "काय सांगू तिला? माझी बायको दारांना घाबरते? गंजकी कपाटं आहेत, गंज झडतोय. घाबरायलाही काही मर्यादा असते!" मी रडत रडत सासूबाईंचं सगळं सांगून टाकलं. फोटोशी बोलले तेही. लेकीनं मान फिरवली. तिला हसू येत होतं की लाज वाटत होती, मला कळलं नाही.

मग हे अगदी हळू आवाजात बोलले आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "शनिवारी मला सुट्टी आहे. मी स्वतः कपाटं काढतो. मागे साधी भिंत आहे हे तू तुझ्या डोळ्यांनी बघ. मग बुधवारी डॉक्टरांकडे जाऊ."

मी पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. ऐकत नाहीत. शनिवारपर्यंत जीव टांगणीला.

रविवार, २६ जानेवारी, ताईंचं घर

वही खांद्यावरच्या शिवणाच्या पिशवीत होती म्हणून वाचली. बाकी काय वाचलं ते अजून मोजलं नाही. अक्षर वेडंवाकडं येतंय, पण क्रमानं लिहिते.

काल सकाळी यांनी स्टूल मांडलं. मी डबे उतरवले. लेक दारात उभी, मोबाईलवर 'भूतबंगला' म्हणून चित्रण करायची तिची तयारी. उजवीकडचं कपाट निघालं. डावीकडचं निघालं. मधल्याचे स्क्रू काही केल्या फिरेनात, कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखे. हे घामाघूम झाले. शेवटचा स्क्रू सुटला आणि कपाट त्यांच्या हातात आलं नाही, ते अंगावर उडी मारल्यासारखं पुढे आलं. हे स्टुलावरून कोसळता कोसळता राहिले.

मागे भेग होती. छतापासून थेट ओट्यापर्यंत, जिना उतरावा तशी विटाविटांमधून उतरलेली. मधे तर माझी चार बोटं आत गेली असती. आणि त्या भेगेतून खालच्या दुकानातला रेडिओ आमच्याच घरात लागल्यासारखा स्पष्ट ऐकू येत होता.

हे म्हणाले, "सिमेंट भरून घ्यावं लागेल."

माझ्या हातात शिवणाची कात्री होती, कशी आली आठवत नाही. तिला दोरा बांधला आणि कपाटाच्या वरच्या खिळ्याला लटकवला. ब्लाउजची पाठ सरळ उतरते का ते मी असंच बघते. कात्री खाली येईपर्यंत भिंत तिच्यापासून तीन बोटं लांब गेली होती. वर चिकटलेली, खाली लांब. मग मी पडद्याकडे पाहिलं. पडदा मी बरोबर शिवला होता. खिडकी वाकडी झाली होती. मी माझी सरळ टीप उसवून घराच्या मापानं वाकडी घातली होती.

सासूबाई क्षणात डोक्यातून गेल्या. आणि मग जी भीती वाटली तिच्यापुढे आधीची भीती म्हणजे काहीच नव्हती. ती फार स्वच्छ होती. तिच्यात विचार करायला काही नव्हतंच.

"चला," म्हटलं. "कपडे नाही, चपला नाही, चला." लेकीचा दंड धरला. हे "अगं थांब, खाली विचारून येतो" म्हणत होते. मी म्हटलं, "विचारा, पण रस्त्यावर उभं राहून." माझा आवाज असा लागतो हे मलाही माहीत नव्हतं.

खाली यांनी प्लास्टिकचा पडदा उचलला. दुकानाच्या मधली भिंत नव्हतीच. तिच्या जागी चार लोखंडी टेकू आणि दोन लाकडी ओंडके. सायकलवाला हात जोडायला लागला. "दोन दिवसांत भिंतीच्या जागी लोखंडी गर्डर येतोय. आज ना उद्या येतोय. मी म्हटलंच होतं वहिनींना, कपाटं हलवू नका."

म्हणजे त्याला ठाऊक होतं! मी त्याला समजूतदार म्हटलं होतं, इथेच लिहिलंय.

आणि मग आठवलं, काकू. ज्यांना मी हसून घरी पाठवलं होतं.

मी पुन्हा वर गेले. जायला नको होतं असं आता सगळे म्हणतात. पायऱ्या चढताना मनात दुसरं काही नव्हतं, फक्त काकू हसल्या होत्या तो चेहरा. हे मागून दुकानातली पहार घेऊन आले. दार हलेना. आतून काकू ओरडल्या, "तासायला रविवारी येणार होता ना? आज शनिवार आहे." मी म्हटलं, "काकू, बाजूला व्हा, दार तोडतोय." त्या म्हणाल्या, "वेड लागलंय का तुला?" यांनी पहार घातली. चौकटीसकट दार आलं. काकू काठी घेऊन उभ्या, आणि म्हणतात, कवळी घेतल्याशिवाय येणार नाही. यांनी त्यांना उचललं. आयुष्यात प्रथमच काकूंना कोणी उचललं असेल. खाली येईपर्यंत त्या यांना अरे-तुरे करून झापत होत्या.

रस्त्यावर आलो. आणि काहीच झालं नाही.

हे सगळ्यात भयंकर. तासभर झालं, दोन तास झाले, घर जिथल्या तिथे उभं. माणसं जमली. "काय झालं?" "भेग आहे म्हणे." "सगळ्याच घरांना असते." कोणीतरी हसलं. सायकलवाला एकेक सायकल बाहेर आणून ओळीनं लावत होता आणि सगळ्यांना सांगत होता, "वहिनी जरा घाबरट आहेत." काकूंना ऊन लागत होतं, त्यांना गोळी घ्यायची होती. लेक म्हणाली, "आई, सगळे बघतायत. माझी सोमवारची वही वर आहे. पळत जाते नि येते." यांनीही माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत डॉक्टर होते. "मीच जाऊन घेऊन येतो सगळ्यांचं सामान. दहा मिनिटं."

मला वाटलं, असेल. मी चुकत असेन. आजवर इतक्या वेळा चुकले आहे. गॅस दर वेळी बंदच निघाला, लेक दर वेळी घरी आलीच, जिन्यात कधी कोणी नव्हतंच. जा म्हणावं असं जिभेवर आलं होतं, शपथ. पण मी जिन्याच्या पहिल्या पायरीसमोर रस्त्यावर फतकल मारून बसले. म्हटलं, "माझ्या अंगावर पाय देऊन जा." लोकांसमोर. हे लालबुंद झाले. लेक रडायला लागली, माझ्यामुळे, लाजेनं. ती पलीकडच्या फुटपाथवर जाऊन पाठ करून उभी राहिली. मी उठले नाही. सायकलवाल्याला ओरडून सांगितलं, आत जाऊ नका. तो हसला, पण हातातली सायकल ठेवून चहाला गेला.

तो चहावाल्याकडे असताना टेकू सरकल्याचा आवाज आला. यांनी मला काखेत धरून ओढलं. मग स्वयंपाकघराची सगळी बाजू, काकूंची, आमची, खालची, आवाज होण्याच्या आधीच खाली बसली. आवाज मागून आला. धूळ खाली आली तेव्हा आमचा हिरवा रंग रस्त्यावरून दिसत होता, विटांमधे, खालच्या दोन कपाटांवर.

लेकीनं माझ्या पोटात डोकं खुपसलं. मला त्या वेळी आनंद झाला असं कोणी म्हणेल तर खोटं आहे. मी नुसती आमची माणसं मोजत होते.

मंगळवार, २८ जानेवारी

आज ढिगाऱ्यावर गेलो. पालिकेचा इंजिनिअर आला होता, दोरी बांधली होती. खालची दोन पत्र्याची कपाटं विटांमधे उभीच्या उभी, दारं लागलेली. भंगारवाला घिरट्या घालत होता. ताई कालपर्यंत म्हणत होत्या कुठे जागा, आज त्यातलं एक त्यांना गॅलरीत हवंय. दुसरं भंगारवाल्याला दिलं. दोन वाक्यांत झालं, त्यासाठी महिनाभर डोकं खाल्लं होतं.

इंजिनिअरनं विचारलं, भिंत कशी गेली. सायकलवाला पुढे. "साहेब, जुनी भिंत. शनिवारी वरची अवजड कपाटं यांनी पहारीनं ओढून काढली. धक्का बसला." आणि यांच्याकडे पाहिलं. जमलेल्यांनीही पाहिलं. हे मान खाली घालून उभे. तीन दिवस यांना झोप नाही, तो शेवटचा स्क्रू स्वप्नात फिरवत असतात. यांना वाटतंय खरंच आपणच पाडली.

अशा वेळी मी मूग गिळून बसते. साहेबासमोर बोलायचं म्हटलं की पाचावर धारण बसते. आजही बसली होती. तशीच बोलले. "आधी दारं वाकडी झाली. मग पडदा. मग वरच्या काकूंचं दार. कपाटं शेवटी काढली. पहार काकूंच्या दाराला लावली, भिंतीला नाही." इंजिनिअर म्हणाला, "बाई, हळू बोला, आवाज कापतोय तुमचा." मी म्हटलं, "कापू दे. तुम्ही लिहा."

काकूंनी काठी आपटली. "अहो, माझ्या घरात कोणी कपाट काढलं होतं का? माझं दार त्याच्या आधीपासून अडत होतं." सायकलवाला गडबडला. "टेकू पक्के होते साहेब. गर्डर दोन दिवसांत येणारच होता." इंजिनिअरनं पेन थांबवलं. "कसला गर्डर?"

परत येताना काकू रिक्षात माझ्या शेजारी होत्या. बाहेर बघत म्हणाल्या, "त्या दिवशी तू हसलीस, म्हणून मीही धीर धरला गं." रागानं नाही म्हणाल्या. त्यानंच जास्त लागलं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

ताई सगळ्यांना फोनवर सांगतायत, आईनंच वाचवलं, आईच दारं उघडून खुणावत होती. माझ्याकडे बघतात, मी हो म्हणावं म्हणून. आठवड्यापूर्वी म्हटलंही असतं. पण सासूबाई दारं उघडून खुणावणाऱ्यांतल्या नव्हत्या. काय ते तोंडावर बोलायच्या. मी ताईंना म्हटलं, "नाही हो. भिंत होती ती. आणि घाबरले ती मी." ताईंना आवडलं नाही.

आत्ता जेवणं झाली आहेत. आम्ही तिघं ताईंच्या बाहेरच्या खोलीत. यांनी मघाशी मला न विचारता माझ्या डॉक्टरांची उद्याची वेळ रद्द केली, मग माझ्याकडे न बघता गादी घालायला लागले. लेकीची गादी आत ताईंच्या खोलीत घातली होती. ती फरफटत बाहेर घेऊन आली आणि माझ्या गादीला लावली. उशी ठोकली, आडवी झाली, चादर नाकापर्यंत ओढली.

"आई."

"काय गं?"

"तुला भीती वाटली ना, की मला लगेच उठवायचं. मी हसणार नाही."

"आणि काही नसलं तर?"

"नसलं तर परत झोपू."

यांनी पलीकडून म्हटलं, "मलाही उठव."